ओंजळ

अलिबागच्या आमच्या घराच्या ओटीवर वकिलीचे टेबल मांडून मला आता तीस वर्षे होत आली, आणि या काळात सर्वांत जास्त वेळा कोणता दस्त लिहिला असे कोणी विचारले, तर कुलमुखत्यारपत्र हेच उत्तर मी देईन. इथली माणसे मुंबईला जातात, आखातात जातात, तिथेच राहतात. सातबाऱ्यावर मात्र त्यांची नावे तशीच असतात, आणि मग जागेचे, घराचे, बँकेचे काम करण्यासाठी कोणा भावाला, पुतण्याला किंवा शेजाऱ्याला मुखत्यार नेमावे लागते. मुद्रांक कागद, दोन साक्षीदार, अंगठे, फोटो आणि दुय्यम निबंधकाचा शिक्का एवढे झाले की एक माणूस दुसऱ्याच्या नावाने सही करू लागतो. एका माणसाचे कृत्य दुसऱ्याच्या हातून कसे घडते, या प्रश्नात विचार करण्यासारखे काही असेल असे मला कित्येक वर्षे वाटलेच नव्हते. १८७२ च्या करार कायद्यातल्या १८२ पासूनच्या कलमांत त्याची सगळी उत्तरे छापलेली आहेत, अशी माझी समजूत होती.

ती समजूत सैल झाली ती शेजारच्या मावशींमुळे. मावशी बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून इथे आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांच्या घराघरांतून सांगितली जाणारी कथा आहे. आमच्या आज्या त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेलाचा घाणा चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत. बोलणे आमचेच, साडी आमच्यासारखीच, आडनावाच्या शेवटी आमच्यासारखाच ‘कर’. फक्त प्रार्थना हिब्रूत आणि देवळाला शब्द ‘मशीद’.

साधारण बारा वर्षांपूर्वी, पावसाळा सरत आला असताना, मावशी एका दुपारी ओटीवर येऊन बसल्या. त्यांची मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली होती आणि आईच्या आजारपणासाठी परत आली होती. पण परत येण्याचे कारण तेवढेच नव्हते, हे आळीला ठाऊक होते. नवरा-बायकोचे पटले नव्हते आणि दोघांनी समजुतीने वेगळे व्हायचे ठरवले होते. नवरा तिकडच्या धर्मन्यायालयात जाऊन सोडचिठ्ठी लिहून देणार होता. ती चिठ्ठी, तिला त्यांच्यात ‘गेत’ म्हणतात, कोणीतरी मुंबईला घेऊन येणार होते आणि मुलीने तिथे जाऊन ती घ्यायची होती.

“तिला नको पाठवायला,” मावशी म्हणाल्या. “परक्या माणसांसमोर उभं राहायचं, तो कागद घ्यायचा. तू वकील आहेस. तिचं मुखत्यारपत्र कर नि तूच घेऊन ये.”

मला त्यात अडचण दिसली नाही. मी मसुदा तयार केला, मुद्रांक कागद मागवला आणि मुंबईतल्या त्यांच्या समाजातल्या एका जाणत्या गृहस्थांना दूरध्वनी करून दिवस आणि वेळ विचारली. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि अतिशय सौम्य शब्दांत सांगितले की मला हे करता येणार नाही. मी कागदात काय लिहिले होते यावर ते अवलंबून नव्हते. जो स्वतः या धर्मनियमाने बांधलेला नाही, ज्याच्या स्वतःच्या लग्नाला किंवा घटस्फोटाला हा नियम लागूच होत नाही, तो त्यात दुसऱ्याचा हात होऊ शकत नाही, असे ते म्हणाले. शिवाय स्त्रीच्या वतीने गेत स्वीकारणारा प्रतिनिधी शास्त्रात सांगितलेला असला, तरी फार जुन्या काळापासून बहुतेक ठिकाणी तसा नेमत नाहीत. चिठ्ठी तिच्याच हातात द्यावी हा रिवाज आहे.

मला ते लागले, हे इथे लिहिले पाहिजे. ज्या घरात मी लहानपणी चिकाचा हलवा खाल्ला, ज्या घराच्या किल्ल्या वर्षानुवर्षे आमच्या खुंटीवर असत, त्या घराच्या एका कामासाठी मी परका ठरलो होतो. ते दुःख दोन-तीन दिवस राहिले. मग मी त्या गृहस्थांना पुन्हा दूरध्वनी केला. या वेळी काम काहीच नव्हते, मला फक्त समजून घ्यायचे होते. ते बोलत गेले, मी टिपून घेत गेलो, आणि पुढची काही वर्षे मिळेल तिथून वाचत गेलो.

प्रतिनिधीला हिब्रूत ‘शालीआह’ म्हणतात. पाठवलेला, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच्याविषयीचे मूळ सूत्र तीन-चार शब्दांचे आहे: ‘शलूहो शेल आदाम केमोतो’, माणसाने पाठवलेला माणूस म्हणजे जणू तो स्वतःच. हे सूत्र आपल्या कायद्यालाही मान्य आहे. मुखत्याराने केलेले मालकाने केले असेच आपण धरतो. पण हे वाक्य इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात, जिथे येते, तिथे विषय जमिनीच्या खरेदीचा नाही, प्रार्थनेचा आहे. प्रार्थना म्हणताना जो अडखळतो, त्याच्यासाठी ते वाईट चिन्ह आहे. आणि तो जर सगळ्या समुदायाच्या वतीने म्हणणारा असेल, तर ज्यांनी त्याला उभे केले त्यांच्यासाठीही ते वाईट चिन्ह आहे, कारण माणसाने पाठवलेला म्हणजे तो स्वतःच. एकाची जीभ अडखळली तर मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या काळजात धस्स व्हावे, असे ते नाते आहे. मी नेमून दिलेले मुखत्यार निबंधकाच्या कार्यालयात कितीदा अडखळले असतील. त्या वेळी कुवेतमधल्या मालकाला काही वाटले असेल, असे मला वाटत नाही.

हा अधिकार आला कुठून, हे तालमूदचे, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेच्या ग्रंथाचे, पंडित शोधत बसतात, आणि ते शोधणे मला फार आवडले. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेच्या रात्रीच्या आज्ञेत तोरा हा त्यांचा मूळ धर्मग्रंथ सांगतो की इस्राएलाच्या सगळ्या मंडळीने संध्याकाळी कोकरू कापावे. पंडित विचारतात, सगळी मंडळी एक कोकरू कशी कापेल? कापणारा हात एकच असणार. मग तो सगळ्यांचा हात मानला पाहिजे. दुसरा आधार धान्यातला वाटा वेगळा काढण्याच्या आज्ञेतला आहे. तिथे ‘तुम्हीही’ असा शब्द आहे, आणि त्यातल्या ‘ही’मध्ये त्यांना प्रतिनिधी दिसतो. पण त्याच ‘ही’मधून ते त्याची मर्यादाही काढतात: जसे तुम्ही देवाशी झालेल्या कराराने बांधलेले, तसाच तुमचा पाठवलेलाही त्याच कराराने बांधलेला हवा. मला दूरध्वनीवर मिळालेला नकार या एका प्रत्ययातून आला होता. हे कळले तेव्हा माझे दुखणे बरेच हलके झाले. हात उसना देता येतो, पण देणारा आणि घेणारा दोघांच्या अंगावर तेच ओझे असावे लागते, एवढेच त्यात म्हटलेले आहे. आणि ते ओझे माझ्या अंगावर नव्हतेच.

आपल्या कायद्यात याच्या अगदी उलट तजवीज आहे. करार कायद्याच्या १८४ व्या कलमाप्रमाणे तिऱ्हाइताशी व्यवहार करण्यापुरता कोणीही प्रतिनिधी होऊ शकतो, अज्ञान म्हणजे अल्पवयीन माणूससुद्धा. तो मालकाला जबाबदार राहत नाही एवढेच. तालमूदमध्ये मात्र लहान मूल किंवा समज नसलेला माणूस शालीआह होऊच शकत नाही, कारण तिथे पाठवलेल्याचे मन लागते, त्याचे नुसते पाय पुरत नाहीत. आणि याच्या जोडीला एक गोष्ट मला चकित करणारी होती: नेमणुकीला कागद लागत नाही. बाराव्या शतकातला महापंडित मैमोनिदेस स्वच्छ लिहितो की प्रतिनिधी नेमायला ना देवघेवीची खूण लागते ना साक्षीदार, बोलणे पुरे. साक्षीदार लागलेच तर ते नंतर कोणी नाकारले तर सत्य उघड करण्यासाठी. आमच्याकडे माणूस कोणीही चालतो आणि कागद पक्का लागतो. तिथे शब्द पुरतो, पण माणूस पक्का लागतो.

अशा पक्क्या माणसाचे पहिले चित्र तोरातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. म्हातारा अब्राहाम आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या चाकराला मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधायला पाठवतो. परंपरा त्याला एलिएजर म्हणते, पण त्या लांबलचक अध्यायात त्याचे नाव एकदाही येत नाही. दहा उंट घेऊन तो निघतो, विहिरीवर थांबतो, पाणी पाजणारी रिबका त्याला भेटते. तिच्या घरी त्याच्यापुढे जेवण वाढतात आणि तो म्हणतो, माझे बोलणे सांगितल्याशिवाय मी जेवणार नाही. मग त्याचे पहिले वाक्य येते: मी अब्राहामाचा चाकर आहे. काम झाल्यावर घरची माणसे दहा दिवस राहा म्हणतात, तर तो म्हणतो, मला अडवू नका. स्वतःचे नाव बाजूला ठेवून दुसऱ्याचे काम पोटातल्या भुकेच्याही पुढे ठेवणारा हा माणूस वाचला, की मला आपल्याकडे मुलगी बघायला जाणारी जुनी मध्यस्थ माणसे आठवतात. त्यांच्यातही काही अशी होती, घरी निरोप पोचवल्याशिवाय पाण्याला न शिवणारी.

पाठवलेला चुकला तर काय? आमच्याकडे मुखत्याराने कमी भावात जमीन विकली, तर मालकाला मुखत्याराच्या मागे लागावे लागते, आणि कागदात अधिकार दिलेला असेल तर खरेदीदाराच्या हातातली जमीन सहसा सुटत नाही. त्या शास्त्रात मालक एकच वाक्य बोलतो: ‘मी तुला नीट करायला पाठवले होते, बिघडवायला नाही’, आणि विक्री मुळातच रद्द होते. हे वाक्य मी वाचले तेव्हा डोळ्यांपुढे माझ्याकडच्या दोन-तीन म्हाताऱ्या अशिलांचे चेहरे आले. नेमके हेच शब्द त्यांनी माझ्यासमोर पुतण्याला रडत ऐकवले होते, आणि माझ्याकडे त्यांना देण्यासारखे काही नव्हते.

यापुढची मर्यादा आणखी कठोर आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विचाराचे मर्म तिच्यात आहे. पापाच्या कामाला शालीआह नाही. एकाने दुसऱ्याला चोरी करायला, कोणाला इजा करायला पाठवले, तर कृत्य करणाऱ्याचे. मोजके अपवाद सोडले तर पाठवणाऱ्याचा हात म्हणून ते धरले जात नाही. कारण देताना तालमूद एक प्रश्न विचारते: गुरूचा शब्द एक आणि शिष्याचा शब्द दुसरा, तर कोणाचा ऐकायचा? देवाने नको म्हटले होते, माणसाने कर म्हटले, आणि तू माणसाचे ऐकलेस. मग ते तुझेच. पाठवणाऱ्याला माणसांच्या न्यायालयात सुटका मिळाली तरी स्वर्गाच्या न्यायात नाही, हेही ते जोडून ठेवतात. आपला फौजदारी कायदा चिथावणी देणाऱ्यालाही शिक्षा करतो आणि व्यवहारात ते योग्यच आहे. पण ‘मला काय, मालकाने सांगितले म्हणून केले’ हे वाक्य मी न्यायालयाच्या आवारात इतक्या वेळा ऐकले आहे, की पाठवलेल्या माणसाकडे वळून ‘तुझे मन कुठे होते?’ असे विचारणारा नियम मला औषधासारखा वाटतो. हात उसना देता येतो, सदसद्विवेक देता येत नाही.

शरीरही देता येत नाही. तेराव्या शतकातल्या इटलीत त्रानीचे यशया नावाचे एक पंडित होते. त्यांनी अगदी पोराने विचारावा असा प्रश्न विचारला आहे: पाठवलेला म्हणजे मी स्वतःच, तर मंडपांच्या सणात मित्राला माझ्या वतीने मांडवात बसायला का सांगू नये? प्रार्थनेच्या वेळी कपाळाला आणि दंडाला बांधायच्या पेट्या त्याने माझ्यासाठी बांधल्या तर का चालू नये? त्यांचे उत्तर असे, की जी आज्ञा माणसाच्या देहालाच केलेली आहे ती त्याच देहाने पाळायची. लग्न आणि घटस्फोट यांत प्रतिनिधी चालतो, कारण तिथे प्रतिनिधीने काहीही केले तरी नवरा होतो किंवा सोडतो तो पाठवणाराच. चिठ्ठीवर नाव त्याचेच असते. पण माझ्याऐवजी दुसरा मांडवात बसला तर मी मांडवात बसलेला नसतोच.

आणि जिथे चालतो तिथेही स्वतः करणे वरचढ. लग्नाची मागणी पुरुषाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत करता येते, असे मिश्ना म्हणते. त्यावर तालमूद विचारते, प्रतिनिधीमार्फत चालते तर ‘स्वतः’ हा शब्द कशाला? कारण प्रतिनिधीपेक्षा स्वतःच्या हाताने केलेल्या आज्ञेचे मोल अधिक. आणि लगेच उदाहरणे येतात ती स्वयंपाकघरातली: राव साफ्रा शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसासाठी, स्वतः जनावराचे डोके भाजून घेत, राव्वा स्वतः मासा मीठ लावून ठेवत. घरात नोकरचाकर असलेले हे थोर विद्वान, पण शब्बाथच्या माशाला मीठ त्यांच्याच बोटांनी लागे. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो, कारण हे मी पाहिलेले होते. शुक्रवारी सकाळी मावशी मागच्या पडवीत पाटावर बसून रावस कापत. मुलगी घरात असे, मोलकरीण असे, पण विळीवर त्याच. हाताची बोटे संधिवाताने वाकलेली. तरी तुकड्यांना हळद-मीठ लावताना प्रत्येक तुकडा त्या दोन्ही बाजूंनी उलटत, कडेला राहिलेला कोपरा अंगठ्याने चोळत, आणि कोणी ‘आणा इकडे’ म्हटले तर पाट जरा भिंतीकडे सरकवून घेत. मला तेव्हा तो म्हातारपणचा हट्ट वाटे.

आता गेतकडे येतो. मावशी एवढ्या घाबरल्या का होत्या, हे मला उशिरा कळले. कोकणात शेकडो वर्षे हा समाज बाकीच्या ज्यू जगापासून तुटून राहिला. शब्बाथ, सुंता, उपास आणि सण त्यांनी सांभाळले, सणांना ‘दारफाळणीचा सण’, ‘अनशी ढाकण्याचा सण’ अशी स्वतःची मराठी नावे दिली, पण तालमूद त्यांच्याजवळ नव्हते. बाहेरून आलेल्या दाविद राहबी यांनी त्यांना धर्म पुन्हा शिकवला आणि तीन घराण्यांतल्या माणसांना काजी नेमले, असे ते सांगतात. हे काजी गावोगाव जाऊन लग्ने लावत, धार्मिक विधी करत, तंटे सोडवत. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिली मशीद बांधली. पण शास्त्राप्रमाणे लिहिलेली सोडचिठ्ठी ही गोष्ट त्या जुन्या काळात कोकणात नव्हती, आणि नेमके हेच पुढे त्यांच्या आड आले. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या लग्नांच्या वेळी, पूर्वी कधी गेतशिवाय दुसरे लग्न झाले असेल का, या शंकेपोटी तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचे १९६२ मध्ये ठरवले. १९६४ मध्ये या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर केले. मावशी त्या वेळी तरुण होत्या. तिकडून येणारी पत्रे घरात मोठ्याने वाचली जात आणि वाचून झाल्यावर कोणी बोलत नसे, एवढेच त्या मला एकदा म्हणाल्या. आपल्या लेकीच्या कागदात एक काना कमी पडू नये, असे त्यांना का वाटे, हे त्यावरून समजावे.

गेतचा कागद नवऱ्याच्या हातून बायकोच्या हातात जाईपर्यंत जी वाट चालतो, तिच्यावर मिश्नेचा एक आख्खा भाग आहे. परदेशातून गेत आणणाऱ्याने म्हटले पाहिजे, ‘माझ्यासमोर हे लिहिले गेले आणि माझ्यासमोर यावर सह्या झाल्या.’ तो वाटेत आजारी पडला तर न्यायालयासमोर दुसरा प्रतिनिधी नेमू शकतो, आणि शेवटच्याला एवढेच म्हणावे लागते, ‘मी न्यायालयाचा पाठवलेला.’ पाठवताना नवरा म्हातारा किंवा आजारी असला, तरी आणणाऱ्याने तो जिवंत आहे असे धरून गेत द्यावे. तो मेला असेल तर मात्र कागदाला अर्थ उरत नाही, कारण मेलेल्याचा हात कोणालाही होता येत नाही. इथे आमचे २०१ वे कलम आणि त्यांची मिश्ना हातात हात घालून उभी आहेत.

पण एका ठिकाणी मी खुर्चीतून उठलो होतो. जुन्या काळी नवरा गेत पाठवून दिल्यावर मन बदलले, तर आपल्याच गावी तिघांना बसवून त्यांच्यासमोर ते रद्द करू शके. आणणाऱ्याला पत्ता नसे, बायकोला पत्ता नसे. ती कागद घेऊन स्वतःला मोकळी समजे, कदाचित दुसरे लग्नही करे, आणि नंतर कळे की ती मोकळी नव्हतीच. पहिल्या शतकात थोरले राब्बान गामालिएल या धर्मपंडितांनी असे करायला बंदी घातली, आणि नवरा-बायकोची जी जी नावे असतील ती सगळी चिठ्ठीत यावीत असेही ठरवले. दोन्हींचे कारण एकच दिले, जगाची घडी नीट बसावी म्हणून. आमच्या करार कायद्याच्या २०८ व्या कलमात, मुखत्यारपत्र रद्द झाल्याचे मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरते ते रद्द होत नाही, असे जे आहे, ते मी शेकडो वेळा अशिलांना वाचून दाखवले असेल. त्यामागे अंधारात ठेवलेल्या एखाद्या बाईचा चेहरा असू शकतो, हे मला गामालिएलने दाखवले.

त्या नावांच्या नियमामुळेच माझा या कामाला थोडा उपयोग झाला. मुंबईच्या त्या गृहस्थांचा एक दिवस मलाच दूरध्वनी आला. कागदावर तिचे हिब्रू नाव जाईल, घरचे नाव जाईल, पण शेजारीपाजारी तिला कोणत्या नावाने हाक मारतात, हे त्यांना हवे होते. आळीत तिला सगळे एका लाडक्या मराठी नावाने हाक मारत. तिच्या शाळेच्या दाखल्यावर ते नव्हते, पारपत्रावर नव्हते, आणि घरातल्यांना ते नाव म्हणून सांगावे असे सुचलेही नव्हते. मी ते सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून घेतले, ‘ळ’ आहे की ‘ल’ हे विचारले आणि आभार मानले. तिचा प्रतिनिधी मी होऊ शकलो नाही, पण तिचे हाक मारायचे नाव शेजाऱ्यालाच माहीत होते.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघे, ती, तिचा मामेभाऊ आणि मी, मांडव्याहून सकाळच्या लाँचने मुंबईला गेलो. निघताना मावशींनी तिच्या हातात एक नाणे ठेवले आणि पोचल्यावर दानपेटीत टाकायला सांगितले; सत्कार्याला निघालेल्याला वाटेत अपाय होत नाही, म्हणून प्रवाशाला असे दानाचे काम सोपवून पाठवायची त्यांच्यात रीत आहे. मशिदीत पंख्याखाली लांब बाकावर तिघे वडीलधारे बसले होते. कागद घेऊन आलेला माणूस तिशीचा असेल. तो दुसरा प्रतिनिधी होता. नवऱ्याला त्याने कधी पाहिलेही नव्हते. विमानात सामानात न टाकता त्याने तो कागद पूर्ण प्रवासभर सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि झोप येऊ नये म्हणून चहा पीत राहिला होता, हे त्याने नंतर मला सांगितले.

आधी कागद वाचून झाला. बारा ओळी, काळ्या शाईच्या, अरामी भाषेतल्या. ज्या गावात लिहिला ते गाव तिथल्या पाण्याच्या खुणेसह, आणि मग नावे. हिब्रू नाव झाले, घरचे नाव झाले, आणि त्या परक्या भाषेच्या मधोमध आमच्या आळीतली ती हाक ऐकू आली. तिने मान वर केली. मग तिला अंगठी, बांगड्या काढायला सांगितले आणि दोन्ही हात जोडून पुढे धरायला सांगितले. तीर्थ घ्यायला आपण धरतो तशी ओंजळ, पण बोटे जराही न वाकवता. आणणाऱ्याने ‘मी न्यायालयाचा पाठवलेला’ असे म्हटले, घडी घातलेला कागद ओंजळीच्या वर धरला, आणि सांगितले की हे तुझ्या नवऱ्याकडून आलेले गेत, याने तू त्याच्यापासून सुटलीस आणि कोणाही पुरुषाला मोकळी झालीस. मग त्याने बोटे सोडली. कागद दोन-तीन इंच खाली पडला तेवढाच, पण त्या पडण्याचा आवाज मला अजून आठवतो. तिने हात मिटले, वर उचलले, कागद काखेत धरून दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. तो कागद त्यांनी तिच्याकडून परत घेऊन कात्रीने चिरून ठेवला. दुसरे लग्न करायचे झाले तर ९२ दिवस थांब, असे तिला सांगितले.

मी पाहत होतो त्या आणणाऱ्याकडे. त्याचे हात कापत होते. तो सहा हजार रुपयांच्या जागेचा मुखत्यार असता तर इतका कापला नसता. जेरुसलेमच्या मंदिराच्या काळातले एक वर्णन मिश्नेत आहे: प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी वडीलधारे महायाजकाला म्हणत, आम्ही न्यायसभेचे पाठवलेले, तू आमचा आणि न्यायसभेचा पाठवलेला, ज्याने या घरात आपले नाव वसवले त्याची शपथ घालतो, आम्ही सांगितले त्यातले काही बदलू नकोस. मग तो तोंड वळवून रडे आणि तेही तोंड वळवून रडत. तो रडे कारण त्यांनी त्याच्यावर संशय घेतला. ते रडत कारण निर्दोष असलेल्यावर संशय घेतला असेल तर. मंदिराच्या गाभाऱ्याच्या पडद्याआड तो एकटा जाणार, काय करील ते कोणाला दिसणार नाही, आणि तरी तो सगळ्यांचा हात. कोणीही पाहत नसताना दुसऱ्याचा हात होऊन राहणे किती अवघड असते, याबद्दल याहून खरे काही मी वाचलेले नाही.

परतीच्या लाँचवर वारा होता. ती बराच वेळ गप्प होती. मांडवा दिसू लागल्यावर म्हणाली, “दादा, आईला तुम्हीच सांगा ना. माझ्याच्यानं नाही होणार.”

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू मांडलेला माणूस मी. निरोप पोचवणे मला जमले असते. पण मी तिला म्हणालो, “नाही गं, हे तू सांग. मी बरोबर असेन.”

मावशी पायरीवरच बसलेल्या होत्या, पदर डोक्यावरून घेतलेला. ती पुढे झाली, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि थांबली. मावशींनी तिचे दोन्ही हात धरले, तळवे वर केले आणि बोटे सरळ करून पाहिली.

“दोन्ही हातांनी घेतलंस ना?”

“हो, आई.”